दुधाचे दात

दर तिसऱ्या मंगळवारी पहाटे मी गाडी काढते.
बोनारिया, माझ्या पाठची,
मांडीवर उशी घेऊन शेजारी बसते
आणि काब्रासचं तळं मागे पडेपर्यंत
एक शब्द बोलत नाही.
मग सान्ता जुस्ताच्या पाण्याशी म्हणते,
"फ्लेमिंगो मोजलेस? सात होते."

आठ होते. मी वाद घालत नाही.
रक्त उतरत आलं की तिचं मोजणं चुकतं.

सहा महिन्यांची होईपर्यंत गुलाबी होती म्हणे,
मग त्या हिवाळ्यात मेणासारखी पिवळी पडत गेली.
कालियारीच्या डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले:
एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी.
बाबांच्या हातांना माशांचा वास होता,
ते हात खिशात ठेवूनच त्यांनी विचारलं,
"मग आमची थोरली?"
मी दाराशी संत्रं सोलत उभी.
माझे लाल गाल हाच दाखला मानला गेला.

रात्री तिच्या पोटाच्या कातडीत सुई,
उशाशी घरघरणारा चिमुकला पंप.
परक्या रक्तातून साठलेलं लोखंड
थेंबाथेंबानं बाहेर काढायचा.
त्या घरघरीशिवाय मला झोप येईना.

एकोणिसाव्या वर्षी मी तिच्यासाठी रक्त द्यायला गेले.
चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन:
चिठ्ठी बदलली का?
हा नमुना तान्ह्या बाळाचा दिसतोय,
नाळेतलं रक्त.
तीनदा यंत्र फिरवलं, तीनदा तेच.

मग पिरास डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं.
तुझं रक्त घेता येणार नाही, म्हणाल्या.
आईकडून मोडकं, बाबांकडून मोडकं,
तुला तोच आजार आहे, अक्षर न् अक्षर तोच.
फक्त,
आणि त्या "फक्त"वर त्या बराच वेळ थांबल्या.

फक्त गर्भातलं हिमोग्लोबिन.
बाळ जन्मलं, रडलं, दूध प्यायला लागलं
की शरीर ते हळूहळू बंद करतं, दुसरं घडवतं,
दुधाचे दात पडून पक्के यावेत तसं.
बोनारियाचे पडले, मागून काही आलं नाही.
माझे पडलेच नाहीत.

तेवीस वर्षांनी कारण सापडलं.
भलत्याच गुणसूत्रावर, आजारापासून कितीतरी लांब,
दिवा मालवायला नेमलेला एक गडी,
त्याच्या हुकुमात एक अक्षर वेगळं.
तेवढ्यानं माझ्या वाट्याला आळशी गडी आला
आणि तिच्या वाट्याला कामसू.
एकाच कुशीतून.
रागवायचं तर कुणावर?

गर्भाचं रक्त हावरट असतं, बाई म्हणाल्या होत्या,
आईच्या रक्तातला प्राणवायू ओढून घेतं
आणि लवकर सोडत नाही.
हे मी बहिणीला सांगितलं नव्हतं.
तिनं कुठंतरी वाचलं.
तेव्हापासून ताटातला शेवटचा तुकडा मी उचलला
की ती नुसती भुवई उंचावते.

आता कात्रीचं औषध निघालंय.
मज्जेतल्या पेशी काढायच्या,
त्या गड्याला गप्प करायचं, पेशी परत घालायच्या.
म्हणजे मी जी फुकटात आहे, ती विकत मिळते.
"तरण्या पोरांना द्या," ती म्हणाली.
"माझ्या काळजानं चोपन्न वर्षं लोखंड खाल्लंय."
मग काचेबाहेर बघत,
"आणि माझं रक्त तुझ्यासारखं झालं
तर मंगळवारी तू जाशील कुठं?"

पिशवी टांगली जाते. कुणाचं रक्त, ठाऊक नाही.
नर्स नळीला टिचकी मारते.
मी खुर्ची जवळ ओढते, तिचे पाय चोळते.
दुसरी पिशवी अर्धी होते
आणि नखांत रंग येतो, मग ओठांत.
ती डोळे मिटूनच म्हणते,
"आठ होते ना गं?
एक मान पाण्यात खुपसून होता."